हिरवी वायर

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी दोन पावसाळे मला सांगत होत्या, "ताई, तुमचा फ्रीज चावतो." मी दर वेळी जाऊन फ्रीजच्या दाराला हात लावायचे. काही नाही. पुन्हा लावायचे, या वेळी सगळा तळवा. तरी काही नाही. "मावशी, भास होत असेल," असं मी म्हटलं नाही, पण माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असणार. शेवटी मी त्यांना एक जुनी रबरी स्लिपर दिली. ती त्या फरशी पुसताना काढून ठेवत, कारण ओल्या फरशीवर ती घसरते. म्हणजे नेमक्या ज्या वेळी तिची गरज, त्याच वेळी ती पायात नसे. हे माझ्या लक्षात यायला आणखी काही महिने लागले.

माझे डोळे उघडले ते मात्र माझ्याच लॅपटॉपमुळे. चार्जिंगला लावून काम करत बसले होते, पाय फरशीवर टेकलेले. लॅपटॉपच्या धातूच्या कडेवरून मनगटाची आतली बाजू सरकली आणि गुळगुळीत पत्रा एकाएकी खरखरीत लागला. मांजराची जीभ हातावरून फिरावी तसा. चार्जरची पिन काढली, पत्रा पुन्हा गुळगुळीत. लावली, पुन्हा खरखर. दोनदा तपासून खात्री झाल्यावर मला पहिल्यांदा मावशींचा फ्रीज आठवला. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण क्रम असाच होता.

थंडीत दाराच्या कडीला हात लावताच ठिणगी उडते किंवा स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, तो प्रकार यातला नाही. ती अंगावर साचलेली स्थिर वीज. एका क्षणात ती निघून जाते, मग पुढचे काही क्षण कडीला कितीही हात लावा. मला लागत होती ती खरखर पिन लावलेली असेपर्यंत थांबत नव्हती. तिचा उगम भिंतीत होता.

आपल्या भिंतीत वीज येते ती २३० व्होल्टची, सेकंदाला पन्नास वेळा दिशेचं आवर्तन पुरं करणारी. लॅपटॉपला लागतात जेमतेम वीस व्होल्ट, मोबाइलला पाच-नऊ. हा फरक चार्जरच्या त्या काळ्या किंवा पांढऱ्या डबीत पडतो. डबीच्या आत दोन मुलुख असतात, भिंतीकडचा आणि आपल्याकडचा. त्यांच्यामध्ये तारेचा थेट संबंध नसतो. शक्ती पलीकडे जाते ती एका छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून. पण या डबीतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतं आणि त्यातून रेडिओ-टीव्हीला त्रास देणारा गोंगाट निर्माण होतो. तो गोंगाट आतल्या आत जिरवण्यासाठी दोन्ही मुलुखांच्या मध्ये एक लहानसा, बहुधा निळा, डाळीच्या दाण्याएवढा कपॅसिटर बसवतात. त्याला 'वाय' वर्गाचा कपॅसिटर म्हणतात. त्याची घडण अशी असते, की बिघडला तरी तो शक्यतो तुटून पडावा, आतल्या आत जुळून बसू नये.

हाच दाणा माझ्या मनगटावरच्या खरखरीचा कर्ता. आवर्ती वीज कपॅसिटरमधून थोडी झिरपतेच. किती, ते शाळेतल्या सूत्रानं काढता येतं. २.२ नॅनोफॅरडचा कपॅसिटर २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झवर सुमारे ०.१६ मिलिअँपिअर प्रवाह जाऊ देतो. एक नॅनोफॅरडचा असेल तर ०.०७. दोन पिनांच्या अशा उपकरणांसाठी मानकांनी पाव मिलिअँपिअरची मर्यादा घातलेली आहे. आपला चार्जर हातात घेऊन बारीक अक्षरांत पाहा. चौकोनाच्या आत चौकोन अशी खूण दिसेल. दुहेरी इन्सुलेशन आहे, अर्थिंगची गरज नाही, असा तिचा अर्थ. त्या खुणेचा चार्जर धातूच्या अंगाच्या फोनला जोडला आणि फोन चेहऱ्याला लागला, तर गालावर झिणझिण्या येऊ शकतात. चार्जर बरा असेल तर त्या तेवढ्यावरच थांबतात. रस्त्यावर मिळणाऱ्या बिननावाच्या चार्जरबद्दल मात्र असं काहीच सांगता येत नाही. आत वाय वर्गाऐवजी साधा कपॅसिटर असतो किंवा दोन मुलुखांमधलं अंतर केसाएवढं असतं. बाहेरची खूण चौकोनात चौकोन अशीच छापलेली असते.

आता ०.१६ मिलिअँपिअर माणसाला जाणवायला नको. प्रवाह जाणवण्याचा उंबरठा साधारण अर्धा मिलिअँपिअर धरतात. तरी पत्रा खरखरीत का लागतो? याचं उत्तर विजेच्या इतिहासात दोनदा सापडलं आहे. पहिल्यांदा १८७४ साली अमेरिकेत एलिशा ग्रे यांना. टेलिफोनच्या शोधावरून पुढे ग्रॅहम बेल यांच्याशी ज्यांचा वाद झाला तेच हे ग्रे. त्यांचा भाचा न्हाणीघरात लहान मुलांची करमणूक करत होता. एका इंडक्शन कॉइलचं एक टोक टबच्या जस्ताच्या अस्तराला जोडलेलं, दुसरं त्याच्या हातात. मोकळा हात अस्तरावरून घासला की जस्त गुणगुणायला लागे. दुसऱ्यांदा १९५३ मध्ये सेंट लुईसला. एडवर्ड मॅलिनक्रॉड यांना दिव्याचा पितळी होल्डर दिवा बंद असताना गुळगुळीत आणि चालू असताना खरखरीत लागला. त्यांनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी प्रयोग करून ते 'सायन्स' या नियतकालिकात मांडलं. कोरडी कातडी हीसुद्धा एक पातळ इन्सुलेशनच असते. तिच्या एका बाजूला धातू, दुसऱ्या बाजूला शरीरातले क्षार. व्होल्टेज वरखाली होईल तशी कातडी धातूकडे ओढली जाते आणि सुटते. सरकणाऱ्या बोटाला ही ओढाताण कंप म्हणून जाणवते. बोट स्थिर ठेवलं की कंप नाही. म्हणूनच सगळा तळवा दाबून 'काही नाही' म्हणणारी मी आणि ओझरता हात लागून दचकणारा माणूस, दोघंही खरं बोलत असू शकतात.

इथवर आल्यावर मी निश्चिंत व्हायला हरकत नव्हती. पण माझ्या लॅपटॉपच्या चार्जरला तीन पिना होत्या. त्यातली तिसरी आपलं काम करत असती, तर ती खरखर मला लागायलाच नको होती.

आपल्या प्लगची घडण बारकाईनं पाहण्यासारखी आहे. वरची पिन इतर दोघींपेक्षा जाड आणि लांब. ही रचना मुळात ब्रिटिश मानकातून, १९३४ च्या 'बीएस ५४६' मधून, आपल्याकडे आली. ब्रिटननं पुढे तो प्लग टाकून चौकोनी पिनांचा घेतला, आपण जुनाच ठेवला. पिन जाड, म्हणजे ती चुकून वीज असलेल्या छिद्रात जाऊ नये. लांब, म्हणजे प्लग आत जाताना तिची गाठ सगळ्यात आधी पडावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी. उपकरणाच्या अंगात वीज यायच्या आधीच ते अंग जमिनीशी बांधलेलं असावं, हा त्यामागचा विचार. त्या छिद्रामागून निघणारी हिरवी वायर भिंतीतून, मीटरच्या खोलीतून उतरत इमारतीच्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत जाते. तिथे जमिनीत तांब्याचा पत्रा किंवा अडीचेक मीटरचा लोखंडी पाइप पुरलेला असतो, भोवती मीठ आणि कोळसा, जेणेकरून माती ओलसर राहावी. उन्हाळ्यात त्यात पाणी ओतायचं असतं. आपल्या इमारतीचा खड्डा कुठे आहे, हे सोसायटीच्या सभेत विचारून पाहा. आमच्याकडे तो कोणालाच सांगता आला नाही. शेवटी तो स्कूटरच्या पार्किंगखाली फरशीनं झाकलेला सापडला.

हे सगळं जमिनीशी का बांधायचं, हा प्रश्न मला बरेच दिवस नीट सुटत नव्हता. तारेवर बसलेल्या चिमणीला काही होत नाही, मग जमिनीवरच्या माणसाला एकाच तारेला हात लावून शॉक का बसावा? कारण आपल्याला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची न्यूट्रल बाजू मुद्दाम जमिनीत गाडलेली असते. चुकून अकरा हजार व्होल्टची वरची लाइन खालच्या लाइनला टेकली, तर दोष लगेच उघड व्हावा आणि घराघरांत ते व्होल्टेज शिरू नये म्हणून. त्या सोयीची किंमत अशी, की सगळी जमीनच विजेच्या परतीची एक वाट होऊन बसते. अनवाणी उभा असलेला माणूस त्या वाटेवर उभा असतो. हिरव्या वायरीनं आणखी एक, खूप सोपी वाट दिली, की वीज माणसाची वाट धरेनाशी होते.

आमच्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियन काकांना बोलावलं. टेस्टर पाहून ते हसले. टेस्टरच्या पोटात निऑनचा दिवा आणि त्याच्या जोडीला साधारण दहा लाख ओहमचा रोध असतो, आणि त्यातली क्षीणशी वीज आपल्याच शरीरातून जमिनीत जाते. साठ-सत्तर व्होल्ट मिळाले की तो पेटतो. त्यामागे ताकद किती आहे, हे त्याला कळत नाही. त्यामुळे निर्धोक लॅपटॉपवरही तो पेटतो आणि जीवघेण्या गिझरवरही, आणि भर उन्हात पेटला तरी दिसत नाही. काकांनी गळती मोजायचा चिमट्यासारखा मीटर काढला. गिझरच्या सॉकेटचं अर्थिंग चांगलं होतं. तिथून एक तात्पुरती वायर ओढून त्यांनी ती आधी लॅपटॉपला, मग फ्रीजला जोडली. लॅपटॉपची गळती ०.०८ मिलिअँपिअर. फ्रीजची १.६.

मग त्यांनी स्वयंपाकघरातलं सॉकेट उघडलं. हिरवी वायर आत होती. तिचं टोक छाटलेलं नव्हतं, सोललेलंही नव्हतं. तीन वेढे देऊन ती डबीच्या कोपऱ्यात कोंबून ठेवलेली होती आणि तिसऱ्या छिद्राच्या पितळी पट्टीवरचा स्क्रू कधी फिरवलाच गेला नव्हता. घर बांधून चौदा वर्षं झाली होती. हॉलमधल्या सॉकेटचीही तीच गत. "दिवा लागतो, पंखा फिरतो, ताबा देऊन मोकळे," काका म्हणाले. "हिरवी जोडली नाही म्हणून काहीच बंद पडत नाही ना." दोष तरी असा, की तो असतानाही घर अगदी सुरळीत चालतं.

फ्रीजमधली गळती बर्फ वितळवणाऱ्या छोट्या हीटरची होती. त्याच्या आवरणात ओल शिरली होती. तो सोडवल्यावर मीटर ०.२ वर आला. पावसाळ्यात हवा दमट, ओल जास्त, म्हणून फ्रीज पावसाळ्यात चावायचा. आणि चावायचा तो मावशींनाच. रबरी स्लिपर घातलेल्या कोरड्या माणसाचा जमिनीशी असलेला रोध लाखो ओहमच्या घरात जातो. ओले हात, ओली फरशी आणि अनवाणी पाय असले की तो एक-दोन हजारांवर येतो. तोच फ्रीज, तीच फरशी. माझ्या अंगातून काही जात नव्हतं आणि त्यांच्या अंगातून दीड मिलिअँपिअर जात होता. घरातला सगळ्यात संवेदनशील मीटर रोज दोन वेळा येऊन मला आकडा सांगत होता.

दीड मिलिअँपिअर म्हणजे दचकणं. त्यापुढे फार अंतर नाही. अमेरिकेत बर्कली विद्यापीठातल्या चार्ल्स डॅल्झील या प्राध्यापकांनी स्वयंसेवकांच्या हातात तांब्याची तार देऊन, किती प्रवाहाला मूठ सोडवता येत नाही हे मोजलं. पुरुषांची सरासरी आली १६ मिलिअँपिअर, स्त्रियांची १०.५. आपल्याकडे लोक म्हणतात, करंटनं माणसाला ओढून धरलं. वीज ओढत नाही. मूठ मिटणारे स्नायू उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा बळकट असतात आणि वीज दोघांनाही एकदम आवळते, म्हणून मूठ मिटते ती मिटतेच. तिशीच्या वर प्रवाह काही क्षण छातीतून गेला तर हृदयाचा ताल बिघडण्याचा धोका सुरू होतो. साठ वॉटचा जुना बल्ब अडीचशेहून अधिक मिलिअँपिअर घेतो. फ्यूज किंवा एमसीबी यात काही करू शकत नाही. ते वायर जळू नये म्हणून असतात आणि त्यांचा हिशेब सोळा किंवा बत्तीस अख्ख्या अँपिअरचा.

त्यासाठी आरसीसीबी. याचाही शोध डॅल्झील यांच्या कामाशी जोडलेला आहे. अमेरिकेतलं घरगुती रूप त्यांनी १९६१ मध्ये तयार केलं. लोखंडी कड्यातून जाणारी आणि येणारी अशा दोन्ही वायरी ओवायच्या. गेलेली वीज तितकीच परत आली तर कडं शांत. तीस मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढी वीज भलत्या वाटेनं गेली, तर सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत सगळं बंद. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या नियमांत हे साधन घरांना सांगितलं होतं, पण पाच किलोवॉटपेक्षा कमी भाराच्या जोडण्या त्यातून वगळल्या होत्या. म्हणजे एअरकंडिशनरवाल्या घराला संरक्षण आणि एक दिवा, एक पंखा, एक कूलर असलेल्या खोलीला सूट. सूट हा शब्द इथे किती विचित्र आहे!

आणखी एक गोष्ट काकांनी सांगितली, ती मी वहीत लिहून ठेवली आहे. अर्थिंग नसताना नुसता आरसीसीबी बसवला, तर उपकरणाच्या अंगात आलेली वीज त्याला कळतच नाही, कारण तिला जायला वाट नसते. माणसानं हात लावला की वाट मिळते, मग तो पडतो. माणूस बहुधा वाचतो, पण झटका खाऊन. हिरवी वायर असेल तर दोष निर्माण होताक्षणीच तो पडतो, घरात कोणी नसलं तरी. याच्या उलट, नुसत्या अर्थिंगवरही भागत नाही. खड्ड्याचा रोध दहा ओहम असेल, तर २३० व्होल्टला २३ अँपिअर जातील. बत्तीसचा एमसीबी त्याची दखलही घेणार नाही आणि गिझरचं अंग तोवर तसंच जिवंत राहील. दोन्ही लागतात.

काही इलेक्ट्रिशियन सॉकेटमध्ये न्यूट्रलमधूनच एक तुकडा तिसऱ्या पट्टीला जोडून देतात आणि त्याला 'लोकल अर्थिंग' म्हणतात. टेस्टर विझतो, झिणझिण्या जातात, गिऱ्हाईक खूश. पुढे कधीतरी न्यूट्रलची वायर मागे कुठे सैल झाली, की त्या सॉकेटवरच्या प्रत्येक उपकरणाच्या अंगावर पूर्ण २३० व्होल्ट येऊन बसतात. झिणझिण्यांवरचं हे औषध मूळ दुखण्यापेक्षा भयंकर आहे.

केबलची वायर टीव्हीला लावताना बसणारा झटका पुष्कळांच्या परिचयाचा असेल. तोही याच कुळातला. इमारतीतल्या वीस टीव्हींची थोडी थोडी गळती केबलच्या बाहेरच्या जाळीवर गोळा होते. प्रत्येकाची ०.१५ धरली तरी बेरीज तीन मिलिअँपिअर. ती आपल्या बोटांतून जमिनीत जाते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत विजेच्या धक्क्यानं होणाऱ्या मृत्यूंचा देशातला वार्षिक आकडा अलीकडे बारा-तेरा हजारांच्या घरात दिसतो. त्यात शेतातल्या तुटलेल्या तारा आहेत, खांबावरचे कामगार आहेत, घरंही आहेत. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक बातमी हमखास असते, कूलरमध्ये पाणी भरताना शॉक लागल्याची. लोखंडी पत्र्याचं अंग, पोटात पाणी, त्यात बुडालेला पंप, भोवती सांडलेलं पाणी आणि दोन पिनांची वायर. फ्रीजच्या बाबतीत वर सांगितलेली प्रत्येक अट तिथे एकत्र आलेली असते, आणि पाणी भरणारी बहुधा घरातली बाई किंवा शाळेला सुट्टी असलेलं पोर. दुसरी बातमी कपडे वाळत घालायच्या तारेची. तार पत्र्याच्या खोलीला बांधलेली, पत्र्याला घासणाऱ्या सर्व्हिस वायरचं आवरण झिजलेलं. त्या घरांतही आधी कोणाला तरी मुंग्या आल्या असतील. कोणीतरी म्हणालंही असेल.

काकांनी दोन दिवसांत सगळी सॉकेट उघडून हिरव्या वायरी जोडल्या, तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला आणि त्यावरचं 'टी' लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबायला सांगितलं. पहिल्याच रात्री तो पडला. बाल्कनीच्या लोखंडी ग्रिलवर आदल्या दिवाळीपासून तशीच राहिलेली दिव्यांची माळ पावसात भिजली होती. लॅपटॉप आता गुळगुळीत लागतो. मावशींनी फ्रीजला ओल्या हाताचं एक बोट लावून पाहिलं, मग दुसरं, आणि काही न बोलता फरशी पुसायला घेतली.

थोड्या वेळानं म्हणाल्या, "ताई, आमच्याकडे कूलरच्या बाजूला पण असंच होतं. मी पोरांना हात लावू देत नाही."

पुढच्या रविवारी काकांना घेऊन गेले. भाड्याची खोली, वर पत्रा. बोर्डावर तीन छिद्रांचं सॉकेट होतं. कूलरची वायर दोन पिनांची, तिसऱ्या छिद्रात मुलांनी कधीतरी घातलेली काडेपेटीची काडी अडकलेली. काकांनी बोर्ड उघडला. आत दोनच वायरी येत होत्या, लाल आणि काळी. हिरवी मागे मीटरपर्यंत नव्हतीच आणि मीटरजवळ खड्डाही नव्हता. खोल्या अकरा होत्या. काकांनी कूलरची पिन काढून ठेवली आणि कागदावर हिशेब मांडला: एक पाइप, मीठ-कोळसा, अकरा खोल्यांपर्यंत वायर, एक आरसीसीबी. घरमालकाला फोन लावला. बघतो, म्हणाले. सप्टेंबर होता, कूलरची गरज नव्हती. तो कागद मावशींनी देवाच्या तसबिरीमागे खोचून ठेवला आहे. मार्चच्या आत खड्डा झाला नाही तर काय, यावर आमचं अजून बोलणं चालू आहे.